घरी परतण्याची वाट

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. पण हे पेडगाव आपल्याच जिल्ह्यात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्याच्या, श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी ते वसलेले आहे. तिथल्या बहादूरगडावर मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती, आणि मराठ्यांनी साळसूदपणाचा आव आणून त्याला कसे चकवले, ह्याच्या आख्यायिका त्या भागात सांगतात. त्यात खरेखोटे काय असेल ते असो. म्हणीतले वेड हे पांघरलेले वेड आहे. काम झाले की ते घोंगडीसारखे झटकून खुंटीला टांगता येते.

खरा मनाचा आजार असा टांगून ठेवता येत नाही, आणि आपली फसगत होते ती इथेच. घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अभ्यास सोडून भिंतीकडे बघत बसू लागला, रात्र रात्र जागू लागला, जेवणात कुणी काही घातले आहे म्हणून ताट सारू लागला, की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो ‘सोंग’. “शेतावर जायला नको म्हणून सोंग घेतलंय.” “लग्न ठरलं ना, म्हणून नाटकं चाललीत तिची.” दुखणे वाढले की दुसरा शब्द येतो ‘बाहेरचं’. आणि सगळे उपाय थकल्यावर, अगदी हलक्या आवाजात, तिसरा शब्द येतो ‘येरवडा’.

ह्या तिसऱ्या शब्दाचा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. नगरहून पुण्याला जाणारी एसटी येरवड्यावरून जाते. खिडकीशी बसलेला माणूस कुणाला तरी तुरुंग दाखवतो, आणि वेड्यांचे इस्पितळही इथेच कुठेतरी आहे असे सांगतो. दोन्ही एकाच गावी, आणि आपल्या मनातही शेजारी शेजारी. हे असे का झाले? तिथे गेलेल्या तरुण मुलामुलींचे काय होत आले? ती परत आली तर कशाने, आणि अडकून पडली तर कशामुळे? ह्या सगळ्या इतिहासात मला एक धागा दिसतो. जेव्हा जेव्हा रोग्याजवळ त्याचे आपले माणूस राहिले, तेव्हा तेव्हा पाऊल पुढे पडले. आणि जेव्हा सोबत तुटली, तेव्हा चांगल्या इमारतीचाही कोंडवाडा झाला.

आधी हे तरुणांचेच दुखणे का म्हणायचे, ते पाहू. मनाचे मोठे आजार पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात सुरू होतात. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले संशय खरे वाटतात तो आजार, बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण तिच्यातला एक आकडा आपल्या शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत कुठला ना कुठला मानसिक विकार असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. साठ मुलांचा वर्ग धरला तर अशी चार मुले होतात. त्यांतल्या बहुतेकांना इस्पितळात राहण्याची गरज नसते. समजूत, सल्ला, कधी थोडे औषध एवढ्याने भागते. इस्पितळाची पाळी फार थोड्यांवर येते. पण त्या थोड्यांचे पुढचे सगळे आयुष्य त्या काही आठवड्यांवर आणि त्यानंतरच्या काही महिन्यांवर ठरते.

आता मागे वळून पाहू. मुंबईत कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते ते १८२६ पासूनचे. पुढे १८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांसंबंधी कायदे केले. आजच्या महाराष्ट्रातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. आणि पुण्याजवळचे येरवड्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे. येरवड्याला पुढे २५४० खाटांची मंजुरी होती, आणि आशिया खंडातल्या मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होत आली आहे.

ह्या संस्था कशासाठी निघाल्या? रोग बरा करावा हा हेतू कागदावर होता. पण हाताशी औषध नव्हते. म्हणून खरे काम होते ते आवरून ठेवण्याचे. रोग्याला आणीत पोलीस, हुकूम देई मॅजिस्ट्रेट, आणि फाटक लागले की नातलग बाहेर. १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा ह्याच वळणाचा होता. आत जाण्याची रीत त्यात कलमवार होती. परत येण्याची वाट मात्र बरीचशी नातलग येऊन जबाबदारी घेतात की नाही, ह्यावर अवलंबून राहिली. लोकांनी येरवड्याच्या दोन संस्था एकाच मापाने मोजल्या, तर त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही.

ह्या काळातली एक हकिगत आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात गांजाची लागवड ज्या भागांत होई त्यांत नगर जिल्हा ठळक होता. गांजा ओढून माणसे वेडी होतात आणि इस्पितळे त्यांनीच भरतात, अशी तक्रार विलायतेपर्यंत गेली, आणि १८९३ साली सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने १८९२ सालचे इस्पितळांचे दप्तर तपासले. वर्षभरात दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे ‘गांजा’ वगैरे कारण लिहिलेले होते. आयोगाने एकेका रोग्याची मुळापासून चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम ९८ जणांच्या बाबतीत त्या कारणाला काही आधार सापडला. बाकीच्यांचे काय? रोग्याला आणणाऱ्या पोलिसाला रकान्यात काहीतरी लिहायचे होते. घरचे माणूस सोबत नव्हते, रोगी स्वतः सांगण्याच्या स्थितीत नव्हता. लिहिले गेले ‘गांजा’. व्यसनाने आजार बळावतो, गांजा कोवळ्या वयात घातकच, हे आजचे शास्त्रही सांगते. पण हा भाग वेगळा. त्या दप्तरातून शिकायचे ते हे की, ज्याच्याजवळ आपले माणूस नसते त्याची हकिगत दुसराच कुणीतरी लिहितो, आणि ती चुकीची लिहितो.

मग त्या काळी आपले लोक आजारी मुलाला घेऊन जात कुठे? देवस्थानाला, दर्ग्याला, मठाला. सातारा जिल्ह्यातील फलटणला महानुभाव पंथाचे मंदिर आहे. तिथे अशा रोग्यांना घेऊन कुटुंबे मुक्कामाला येतात. व्हिएडा स्कल्टन्स नावाच्या विलायतेतील मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी ह्या मंदिरात राहून अभ्यास केला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे. आजारी माणूस एकटा आलेला नसतो. आई, बायको, बहीण त्याच्याबरोबर राहते. एवढेच नव्हे, तर त्याची पीडा आपल्या अंगावर यावी म्हणून त्या बायकाच अंगात आणतात. पीडा अशी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नसते, हे तुम्हीआम्ही जाणतो. पण लेकराचे दुखणे मला येऊ दे म्हणणारी ती माय सोबतीचा अर्थ शिकवून जाते.

आपल्या जिल्ह्यात राहुरीलाही असाच एक वेगळा प्रयोग झाला. अरणगावजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा ह्यांनी १९३६ साली राहुरीस वेड्यांसाठी एक आश्रम काढला. तो दवाखाना नव्हता, त्यामागचा हेतूही आध्यात्मिक होता. वैद्यकीय उपचार म्हणून त्याकडे पाहू नये. तरी इतिहास लिहिणाराने नोंद घ्यावी अशी एक गोष्ट तिथे होती. ज्यांना गावाने रस्त्यावर टाकले होते, त्यांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस कापणे, त्यांना हाताने जेवू घालणे, हे तिथे रोजचे काम होते, आणि मेहेरबाबा ते स्वतः करीत. ज्याला कुणी शिवत नाही त्याला स्वच्छ करून पंगतीला बसवणे, हे त्या काळच्या मोठमोठ्या इस्पितळांनाही साधले नव्हते.

पण देवस्थानांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तामिळनाडूत रामनाथपुरम् जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. आपल्या येरवड्याशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढे सारखे ऐकू येते. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने खाजगी माणसांनी रोग्यांसाठी झोपड्या चालवल्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांतल्या एका ठिकाणी आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जळून मेले. पळता येत नव्हते, कारण पाय खांबाला होते. आणि साखळी सोडवील असे आपले माणूस जवळ नव्हते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी पुण्यात खुनाला बळी पडले. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. देवाला हात जोडायला कायदा आड येत नाही. मुलाला खांबाला जोडायला येतो.

आता इस्पितळाच्या आत एक तरुण काय अनुभवतो, ते पाहू. हे जगाला प्रथम मोठ्याने सांगितले ते अमेरिकेतील क्लिफर्ड बीअर्स ह्याने. येल विद्यापीठाचा हा पदवीधर १९०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी आजारी पडला, जीव देण्याच्या बेतात खिडकीतून पडला, आणि पुढची तीन वर्षे त्याने तीन इस्पितळांत काढली. मारहाण सोसली, थंडीत एकटा कोंडला गेला. पण त्याच्या आत्मकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मारहाणीचा नाही. भेटीला येणारा भाऊ हा खरा भाऊ नसून वेष घेतलेला गुप्त पोलीस आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. १९०२ साली एका सहरोग्याच्या मदतीने त्याने भावाला गुपचूप पत्र धाडले, आणि हेच पत्र हातात घेऊन ये असे कळवले. भाऊ ते पत्र घेऊन आला. पत्र पाहताच दोन वर्षांचा संशय गळून पडला. १९०८ साली त्याने आपली कहाणी छापली, आणि मनाच्या आरोग्यासाठीची चळवळ अमेरिकेत उभी राहिली. पाहा, कुलूप आतून उघडले ते कशाने? शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताने आणि घरच्या माणसाने.

आपल्या देशात स्वातंत्र्याच्या आधी काय स्थिती होती? १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला. त्यात असे दिसले की, इंग्लंडात तीनशे माणसांमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, तर हिंदुस्थानात चाळीस हजार माणसांमागे एक. म्हणजे बहुतेक घरांना इस्पितळ हे केवळ ऐकून माहीत.

पुढे दोन गोष्टी घडल्या. एक पॅरिसमध्ये, १९५२ साली. क्लोरप्रोमाझीन ह्या औषधाने भ्रम आणि आवाज ओसरू लागतात असे आढळले, आणि नुसत्या कोंडण्याच्या जागी उपचार आला. दुसरी आपल्याच देशात, अमृतसरला. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांच्यापुढे अडचण होती गर्दीची. त्यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या घरच्यांना म्हटले, तुम्हीही इथेच राहा. आई चुलीवर रोटी करू लागली, बाप मुलाला हात धरून फिरवू लागला. घरच्यांना आजार समजला, भीती गेली, आणि माणसे बरी होऊन घरच्यांबरोबरच परत जाऊ लागली. दोन्ही गोष्टी हव्यात. औषधाविना सोबत पांगळी, आणि सोबतीविना औषधही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला. आग्रा हे त्यातले एक केंद्र. काही वर्षांनी पाहिले तेव्हा आग्र्याच्या रोग्यांची स्थिती कित्येक श्रीमंत देशांतल्या रोग्यांहून बरी आढळली. ह्याचे कारण आपली कुटुंबे असावीत, असे अनेकांनी म्हटले; पुढच्या काही अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या. तेव्हा आपण फुशारकी मारू नये. आपल्याकडे कुटुंब आहे हे खरे. पण ते कुटुंब फाटकाच्या आत येते की बाहेरूनच पाठ फिरवते, ह्यावर सगळे अवलंबून आहे.

कायद्याला हे समजायला वेळ लागला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, तो २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी पालकांनी आणि शिक्षकांनी पाठ कराव्यात. पहिली, अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावे लागले तर त्याला मोठ्यांपासून वेगळे ठेवायचे, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने मुक्कामभर त्याच्याजवळ राहायचे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला स्त्रीच हवी. दुसरी, कुणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. तिसरी, विजेचे उपचार भूल दिल्याविना करता येणार नाहीत, आणि मुलांना तर पालकांच्या संमतीखेरीज आणि मंडळाच्या आगाऊ परवानगीखेरीज मुळीच नाहीत. चौथी, घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही.

कायदा पुस्तकात शोभतो. माणसावर तो कसा उतरतो ते पाहण्यासाठी एक मुलगा कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. शेवगाव तालुक्यातला, बारावीतला, सतरा वर्षांचा. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास त्याला आवाज ऐकू येऊ लागले. महिनाभर ‘सोंग’, मग देवऋषी, मग नगरचे जिल्हा रुग्णालय, आणि तिथून पुढे मोठे इस्पितळ. आता जवळ राहायचे कुणी? मुकादमाची उचल घेतलेली. कोयता टाकून बसले तर ती फेडायची कशी? शेवटी मामा राहतो, आपली मजुरी बुडवून. सोबत हा शब्द बोलायला गोड. गरिबाला तिची किंमत रोजंदारीत मोजावी लागते, हे विसरू नये.

पहिले दिवस त्या मुलाला तुरुंगासारखेच वाटतात. कमरेचा पट्टा काढून घेतलेला, दाराला कुलूप, जेवणाची घंटा. औषधाने झोप येते, तोंड कोरडे पडते, हात कापतो. कापऱ्या हातातून चहा सांडला की आजारापेक्षा त्याचीच लाज अधिक. मग हळूहळू ओळखी होतात. पलीकडचा एक जुना रोगी नळ कुठे ते दाखवतो, परिचारिका नावाने हाक मारते. दोन-तीन आठवड्यांत आवाज दूर जाऊ लागतात, आणि एके सकाळी मुलगा मामाला विचारतो, “मामा, माझी परीक्षा बुडाली का?” हा प्रश्न म्हणजे बरे होण्याची पहिली पालवी समजा. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, वेळेवर औषध मिळालेल्या बहुतेक तरुणांची लक्षणे काही महिन्यांत पुष्कळ ओसरतात. सुटीचा कागद मिळतो. त्यावर गोळ्यांची नावे आणि पुढची तारीख असते.

आणि मग तो एसटीतून गावच्या थांब्यावर उतरतो. इस्पितळाची हद्द इथे संपते, आणि आपली सुरू होते.

पारावरचे लोक बोलायचे थांबतात. जुने मित्र बाजूने जातात. वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी ‘येरवडा’ म्हणून खाकरते. मुलीची गोष्ट असेल तर त्याहून अवघड. तिचे घर ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून तिच्या गोळ्या लपवते, आणि लग्न ठरताच बंद करते. गोळ्या अशा परस्पर बंद झाल्या की आजार परततो, आणि लोक म्हणतात, इस्पितळात जाऊन काही उपयोग झाला नाही! दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपणच म्हणतो. ताप-खोकल्याला लावतो तो धीर ह्या दुखण्याला का लावू नये?

ज्यांना न्यायला कुणी आलेच नाही त्यांचे काय झाले? २०१९ साली देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे राहणाऱ्यांपैकी शेकडा ३६ च्या आसपास लोक वर्षाहून अधिक काळ तिथेच होते. काही तर पंचवीस वर्षांहून अधिक. तरुणपणी आत गेलेले माणूस म्हातारे होऊन तिथेच राहिले. ह्यात बायकांची संख्या अधिक होती. रस्त्यावर भरकटणाऱ्या अशाच स्त्रियांसाठी आपल्या नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे ह्या दांपत्याने ‘माउली’ हे घर उभे केले. डॉ. भरत वाटवानी ह्यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून त्यांची गावे शोधते आणि त्यांना घरी पोचवते. तिचे केंद्र कर्जतला आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या कर्जतला नव्हे, रायगडातल्या. ह्या कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे मेला म्हणून धरलेला मुलगा दारात उभा राहतो, तेव्हा पुष्कळ घरे त्याला आत घेतात. म्हणजे दार बंद असते ते बहुधा निर्दयपणाने नव्हे, अज्ञानाने आणि भीतीने.

ती भीती घालवण्याचे काम मराठी माणसांनीही केले आहे. खानदेशातले आणि कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पत्नीला हा आजार होता. लपवण्याऐवजी त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभारली. तिथे रोगी आणि त्यांचे नातलग ह्यांचे स्वमदत गट भरतात; एकमेकांची हकिगत ऐकून माणसे सावरतात. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली आला. ह्याच जोडीच्या ‘कासव’ ह्या चित्रपटात इस्पितळातून निघून आलेल्या, खचलेल्या तरुणाला एक अनोळखी बाई घरी आणते आणि फारसे न विचारता त्याला राहू देते. २०१७ साली त्याला देशातील सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला. शाळेत दाखवावा असा तो आहे.

खेड्यात हे कुठून जमणार, असे कुणी म्हणेल. त्याला आपल्या जिल्ह्यातलेच उत्तर आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली काम सुरू केले, आणि लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायकांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची भीती गावागावांतून घालवली. एके काळी कुष्ठरोग्यालाही गाव असाच टाळत असे. जे त्या दुखण्याच्या बाबतीत झाले, ते ह्याच्या बाबतीत का होणार नाही?

तर गुरुजनहो, शेवटी तुमच्याकडे मागणे आहे. मूल एकाएकी गप्प झाले, झोप उडाली, गुण घसरले, एकटेच बोलू लागले, तर छडी घेऊ नका. पालकांना एकांतात बोलावा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवा. जायला वेळ असेल तर १४४१६ ह्या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फोन करा, ही सरकारी मदत २०२२ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाला असे मूल बोलले, तर ते खरे माना आणि त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. मूल इस्पितळातून परत आले, तर ‘काय झालं होतं’ असे चारचौघांत विचारू नका; ‘बरं झालं आलास’ एवढे पुरे. सकाळी गोळीने डोळे जड असतील, हात कापत असेल. पहिले काही दिवस अर्धा वेळच बसू द्या, वह्या उतरवून घ्यायला एक समंजस मित्र जोडून द्या. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना कुणी बंद करत नाही ना, ते घरच्यांकडून अधूनमधून काढून घ्या.

आणखी एक. मूल महिना-दोन महिने दिसले नाही की पटावरून त्याचे नाव कमी करायची आपली सवय आहे. ह्या मुलाचे नाव तेवढे कमी करू नका. रोज सकाळी हजेरी घेताना त्याच्या नावाशी क्षणभर थांबा, म्हणजे ते परत येणार आहे हे बाकीच्या मुलांनाही कळेल.